आजोबांचा पाय आणि पेडलातली खरखर

मे महिन्याच्या सुट्टीत मी बसवनगुडीला आजोळी गेलो, तेव्हा मामाच्या खोलीतल्या स्टिअरिंगवर आजीची जुनी साडी टाकलेली दिसली. हे स्टिअरिंग म्हणजे संगणकावर मोटार चालवण्याच्या खेळाचे. त्याला खाली अ‍ॅक्सिलरेटर, ब्रेक आणि क्लच अशी तीन पेडले असतात. मामाने ते कॉलेजात असताना घेतले होते. नोकरीसाठी तो हैदराबादला गेला आणि ते आजोबांच्या ताब्यात आले.

आजोबा आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये चालक होते. शक्तिमान ट्रक त्यांनी डोंगरातही चालवला आणि वाळवंटातही. निवृत्तीनंतर ते बेंगळुरूतच राहिले. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हणून सांगितले, तेव्हापासून रोज संध्याकाळी ते ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ या खेळात ट्रक चालवत. आमच्या घरात त्याला खेळ म्हणायची परवानगी नव्हती. आजी म्हणायची, “आजोबा ड्युटीवर आहेत.”

“साडी का घातली आहे?” मी विचारले.

“माझा उजवा पाय थरथरतो आता,” आजोबा म्हणाले. “गाडी आचके देते. पडद्यावरच्या ट्रकलासुद्धा चालक धडधाकट लागतो.”

आजीने मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितले, की महिनाभर ते सकाळी लालबागेतही फिरायला जात नाहीत. पायावर भरवसा नाही म्हणतात.

खरे सांगायचे तर मलाही ते पटले. मी त्यांना एकदा चालवून दाखवायला सांगितले. ट्रक सरळ रस्त्यावर एकदम जोर घेई, लगेच ढिला पडे, पुन्हा जोर घेई. पाय थरथरला तर असेच होणार. पण मग मी बसलो, तेव्हा माझ्याही पायाखाली तेच झाले. आजोबा म्हणाले, “तुला सवय नाही.”

आम्हाला शाळेत विज्ञानाचे सर एक गोष्ट सारखी सांगतात: कारणे दोन असतील, तर एक बाजूला काढा आणि उरलेले बघा. म्हणून मी पाय बाजूला काढला. ड्रिलच्या बुटाची नाडी घेतली आणि अ‍ॅक्सिलरेटरचे पेडल अर्धे दाबून खालच्या पट्टीला घट्ट बांधून टाकले. मग संगणकावर गेम कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये जाऊन कच्चे आकडे दाखवणारा पर्याय निवडला. आमच्या पेडलाचा आकडा ० ते २५५ असा जातो. बांधलेले पेडल हलत नव्हते, म्हणजे आकडा १२८ च्या आसपास कुठेतरी गप्प बसायला हवा होता. तो १२१, १६३, ११८, १४० असा उड्या मारत होता.

आजोबा चष्मा वर करून बराच वेळ ते आकडे बघत राहिले. मग खाली वाकून त्यांनी नाडीची गाठ हाताने तपासली.

“पाय तर नाहीच आहे वर,” ते म्हणाले.

आता पेडलाच्या आत काय असते ते सांगतो. पुष्कळ पेडलांत पोटेन्शिओमीटर असतो; दुकानदार त्याला नुसता ‘पॉट’ म्हणतात. जुन्या रेडिओचा आवाज कमीजास्त करायची खुंटी फिरवली, की आत हाच फिरतो. घोड्याच्या नालाच्या आकाराची कार्बनची एक पट्टी असते आणि तिच्यावरून धातूची एक बारीक जीभ घासत सरकते. पॉटला तीन पाय असतात. कडेचे दोन पट्टीच्या दोन टोकांना आणि मधला त्या जिभेला जोडलेला. कडेच्या पायांना ५ व्होल्ट दिले आणि जीभ बरोबर मध्ये असली, तर मधल्या पायावर अडीच व्होल्ट मिळतात. जीभ सरकली की व्होल्ट बदलतात. पेडलातली चिप त्या व्होल्टचा आकडा करून संगणकाला पाठवते. ५ व्होल्टचे २५६ भाग केले, तर एक आकडा म्हणजे जेमतेम ०.०२ व्होल्ट. त्यामुळे जिभेखाली धुळीचा कण आला तरी आकडा हलतो, आणि जीभ क्षणभर उचलली गेली तर तो कुठेही जाऊ शकतो.

कण येतात कुठून? थोडी बाहेरची धूळ, आणि बाकीचा पट्टीचाच झिजलेला कार्बन. पेडल हजारो वेळा खालीवर होते आणि प्रत्येक वेळी जीभ थोडी भुकटी काढते. आजोबांना हे रेडिओवरून लगेच समजले. त्यांच्या रेडिओची खुंटी फिरवताना खरखर होते आणि भराभर दहा-वीस वेळा फिरवली की काही दिवस थांबते. “म्हणजे ही पेडलातली खरखर,” ते म्हणाले. ती कानाला ऐकू येत नाही, ट्रकच्या आचक्यात दिसते.

इथपर्यंत माझे सगळे बरोबर होते. पुढे मी घाई केली. गॅलरीच्या दाराच्या बिजागरीसाठी घरात गंज सोडवणारा स्प्रे होता. पेडल उघडून मी तोच पॉटमध्ये भरपूर मारला. आकडा शांत झाला. आजोबांनी त्या संध्याकाळी दीड तास ट्रक चालवला आणि मी घरभर छाती काढून फिरलो. तिसऱ्या दिवशी आचके परत आले, पहिल्यापेक्षा जास्त. असले स्प्रे तेलकट असतात. तेल आतच राहते, कार्बनची भुकटी त्यात कालवली जाते आणि पट्टीवर काळा चिखल होतो. आजोबा काही बोलले नाहीत; साडी मात्र परत घातली गेली. ते मला जास्त लागले.

रायफल साफ करताना आपल्याला काय शिकवले आहे? पुलथ्रूला चार बाय दोनची चिंदी लावून आधी नळी कोरडी स्वच्छ करायची, मग चार बाय दीडच्या चिंदीने नावापुरते तेल. मी कोरडे करण्याची पायरी सोडून थेट तेलाकडे गेलो होतो, तेसुद्धा चुकीच्या तेलाकडे.

दुसऱ्यांदा नीट केले. आधी यूएसबीची आणि विजेची वायर काढली. पेडले उलटी करून तळाचे स्क्रू काढले आणि ते कुठले कुठे हे कळावे म्हणून कागदावर पेडलांचे चित्र काढून त्या त्या जागी टोचून ठेवले. उघडल्यावर दोन गोष्टी बघायच्या. एक, पॉटच्या दांड्यावरचे दातेरी चाक पेडलाच्या कोणत्या दात्यात बसले आहे, तिथे मार्करने खूण करायची. फोटो काढला तर आणखी चांगले. दोन, पेडलाच्या बिजागरीत मुद्दाम भरलेले घट्ट ग्रीस असते, ते पुसून टाकायचे नाही.

पॉट धुवायला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरले, ९९ टक्के शुद्ध. घरातले सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी असते आणि बहुधा ग्लिसरिनही. पॉटच्या तीन पायांजवळ एक बारीक फट असते. तिथून सुई काढलेल्या सिरिंजने चार-पाच थेंब आत सोडायचे, दांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत चाळीस-पन्नास वेळा फिरवायचा आणि पॉट उलटा धरून काळे पाणी कापसावर टिपायचे. माझा पहिला कापूस शाईत बुडवल्यासारखा निघाला. पाचवा जवळजवळ पांढरा होता. अल्कोहोल झटकन पेट घेते, म्हणून हे काम गॅलरीत केले. आजीने त्या दिवशी निरांजनही उशिरा लावले. तासभर वाळू दिल्यावर पॉटसाठी मिळणाऱ्या कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक छोटा फवारा मारला. त्यात दोन जाती येतात. एक उडून जाते आणि मागे काही ठेवत नाही, दुसरी अगदी पातळ वंगण ठेवते. पॉटला दुसरी बरी, कारण पट्टी पूर्ण कोरडी राहिली तर जीभ तिला लवकर खाते.

जोडण्याआधी आजोबांनी त्यांचा जुना काट्याचा मल्टिमीटर काढला. पॉटवर ‘बी १० के’ लिहिले होते. यातले १० के म्हणजे १० हजार ओहम, आणि बी म्हणजे दांडा जितका फिरेल त्याच प्रमाणात रोध बदलणारा. मल्टिमीटरची एक तार मधल्या पायाला आणि एक कडेच्या पायाला लावून आजोबा दांडा अगदी सावकाश फिरवू लागले. काटा एकसारखा सरकायला हवा. हे बघायला काट्याचाच मीटर चांगला. आकड्यांच्या मीटरवर अंक इतके भरभर बदलतात की झटका नजरेतून सुटतो. काटा छान सरकत गेला, आणि साधारण मध्यावर एकदा उडाला. परत फिरवला, परत त्याच जागी उडाला. घाण जागा बदलते. एकाच जागी काटा उडत असेल, तर तिथे पट्टीच संपली आहे. तिथे कितीही धुतले तरी उपयोग नाही.

तो दिवस रविवार होता आणि एस. पी. रोडवरची आमच्या माहितीची दुकाने बंद होती. आजोबांनी तात्पुरता उपाय काढला. पॉट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण २७० ते ३०० अंश फिरतो, पण पेडल त्यातला थोडाच भाग वापरते. म्हणून दातेरी चाक दोन दाते पुढे सरकवून बसवले, म्हणजे मधल्या पायाची जीभ नेहमीच्या कामात त्या खड्ड्यावरून जात नाही. सगळ्या पेडलांत हे जमत नाही. पेडल पूर्ण दाबल्यावर पॉट आपल्या शेवटच्या टोकाला अडकत असेल तर दाते तुटतील, म्हणून आधी हाताने दाबून बघावे. आमचे जमले. नाडी बांधली, आकडा १३१ आणि १३२ यांत थांबला.

सोमवारी आजोबा आणि मी एस. पी. रोडला गेलो. पॉटची किंमत दोन डोशांइतकीही नव्हती, पण मी फक्त १० के बघून घेतला आणि दांडा गोल निघाला. आमच्या दातेरी चाकाला एका बाजूने चपटा लागतो. मंगळवारी पुन्हा गेलो. जुना पॉट खिशात घेऊनच दुकानात जावे. नवा जोडताना तिन्ही तारांचे रंग लिहून ठेवावेत. कडेच्या दोन तारा उलट्या लागल्या तर पेडल सोडल्यावर ट्रक पळतो. डाग देणे मला शाळेच्या प्रयोगशाळेत आले होते, तरी पहिली तार आजोबांनीच धरली. त्यांचा हात हलत नव्हता.

स्टिअरिंगच्या चाकाबद्दल थोडेच सांगतो, कारण तिथे मी काही केले नाही. बऱ्याच चांगल्या चाकांत पॉट नसतोच. बारीक फटी पाडलेली एक चकती असते, तिच्यातून जाणारा प्रकाश मोजून चाक किती फिरले ते कळते. तिच्यावर काही फवारू नये. बटणे अडत असतील तर त्यांच्याखालच्या रबराच्या काळ्या टिकल्या अल्कोहोलने किंचित ओल्या केलेल्या इअरबडने पुसाव्यात. काही महागड्या पेडलांत चुंबक आणि हॉल सेन्सर असतो. एडविन हॉल या अमेरिकन शास्त्रज्ञाने हा परिणाम १८७९ मध्ये शोधला. त्यात काहीच काहीला घासत नाही, म्हणून ही झीजही नाही.

परत येताना बसमध्ये आजोबांनी विचारले, की आजकालच्या खऱ्या गाड्यांत काय असते. शक्तिमानमध्ये पेडलापासून डिझेलच्या पंपापर्यंत सरळ दांडे होते. अडले तर हाताला कळायचे. आताच्या बहुतेक गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटरखाली सेन्सरच असतो, कुठे पॉट, कुठे हॉल. मी म्हणालो, पण तो एकटा नसतो. एकाच पेडलाला दोन सेन्सर असतात आणि गाडीचा संगणक दोघांचे आकडे सारखे ताडून बघतो. ते जुळले नाहीत तर दिवा लागतो आणि इंजिनाचा जोर कमी केला जातो.

“म्हणजे गस्तीला जोडी,” आजोबा म्हणाले. “एकट्याच्या रिपोर्टवर विश्वास नाही.” मग थोड्या वेळाने, “मी एकाच्याच रिपोर्टवर महिनाभर बसून होतो.”

बुधवारी सकाळी सहाला त्यांनी मला हलवून उठवले. लालबागेच्या खडकावर ते माझ्याआधी पोचले होते.

जुना पॉट मी शाळेत आणला आहे. वरची पत्र्याची टोपी उघडली आहे, आत पट्टीवर जीभ घासून पडलेली चकचकीत रेघ आणि मध्यावरचा खड्डा भिंगातून स्पष्ट दिसतो. माझ्या पेटीत वरच्या कप्प्यात आहे. ज्याला बघायचा असेल त्याने रविवारी किट तपासणी झाल्यावर यावे, आणि भिंग स्वतःचे आणावे.