तेलाची परतवाट : स्प्लिट वातानुकूलन यंत्रातील नळ्यांची रचना

खोलीतील भिंतीवर एक लांबट पेटी आणि गच्चीवर किंवा सज्जावर दुसरी, पंख्याची पेटी, अशा दोन भागांत विभागलेले वातानुकूलन यंत्र आता बहुतेक शहरांत पाहावयास मिळते. या दोन पेट्यांना तांब्याच्या दोन नळ्या जोडतात. त्यांपैकी एक बारीक असते आणि दुसरी जाड. पाहणाराचे लक्ष पेट्यांकडे जाते, नळ्यांकडे सहसा जात नाही. पेट्या कारखान्यातून पूर्ण होऊन येतात. नळ्या मात्र प्रत्येक इमारतीत नव्याने टाकाव्या लागतात. म्हणून यंत्राचे आयुष्य पुष्कळ अंशी या नळ्या टाकणाराच्या हाती असते. नळीचा व्यास कसा ठरवावा, तिला उतार का द्यावा आणि तिला वळण कोठे द्यावे, या प्रश्नांचा विचार या पाठात करावयाचा आहे.

उष्णता वाहून नेणारे चक्र

द्रवाचे बाष्प होताना तो भोवतालची उष्णता शोषून घेतो आणि बाष्पाचा पुन्हा द्रव होताना तीच उष्णता बाहेर पडते. मातीच्या माठातील पाणी थंड होते ते याच नियमाने. वातानुकूलन यंत्रात पाण्याऐवजी अतिशय कमी तापमानास उकळणारा पदार्थ वापरतात. त्यास प्रशीतक म्हणतात; कारागीर त्याला नुसते ‘गॅस’ म्हणतात. भारतातील नव्या घरगुती यंत्रांत पुष्कळदा आढळणारा आर-३२ हा प्रशीतक वातावरणाच्या दाबाखाली उणे ५२ अंश सेल्सिअसच्या सुमारास उकळतो.

द्रवाचा उत्कलनबिंदू त्याच्यावरील दाबाप्रमाणे बदलतो. आर-३२ वर सुमारे ९.५ बार दाब असला तर तो ५ अंशांस उकळतो आणि सुमारे ३१ बार दाब असला तर ५० अंशांस. (१ बार म्हणजे जवळजवळ वातावरणाच्या दाबाइतका दाब होय.) खोलीतील पेटीत दाब कमी ठेवला की प्रशीतक ५ अंशांच्या आसपास उकळून खोलीची उष्णता घेतो. संपीडक, म्हणजे रोजच्या बोलण्यातील कॉम्प्रेसर, हे बाष्प ओढून घेऊन दाबतो. दाब वाढल्यावर तेच बाष्प ४५ अंशांच्या कडक उन्हाळी हवेतही उष्णता सोडून द्रवरूप होऊ शकते. पुढे हा द्रव एका अरुंद वाटेतून जातो, तेथे त्याचा दाब उतरतो आणि चक्र पुन्हा सुरू होते.

खोलीतून संपीडकाकडे बाष्प नेणारी जाड नळी ती शोषण-नळी. उलट दिशेने प्रशीतक आणणारी बारीक नळी ती द्रव-नळी.

घर्षणाची किंमत

नळीतून वाहणाऱ्या वायूचे नळीच्या भिंतीशी घर्षण होते आणि त्यामुळे त्याचा दाब वाटेत थोडाथोडा कमी होतो. शोषण-नळीत हा दाब फार उतरला तर संपीडकाच्या तोंडाशी बाष्प विरळ होऊन पोहोचते. संपीडक प्रत्येक फेऱ्यात ठरावीक आकारमानाचे बाष्प घेतो; म्हणून बाष्प विरळ झाले की दर फेऱ्यास कमी वजनाचा प्रशीतक फिरतो. खोली कमी थंड होते आणि वीज मात्र तितक्या प्रमाणात कमी होत नाही.

अभियंते ही हानी दाबाऐवजी तापमानाच्या भाषेत मोजतात. आर-३२ च्या बाबतीत ५ अंशांच्या आसपास सुमारे ०.३ बार दाब उतरणे हे उत्कलनबिंदू १ अंशाने उतरण्याबरोबर असते. शोषण-नळीतील एकूण हानी सुमारे १ अंशाहून अधिक होऊ देऊ नये, असा या धंद्यातील जुना दंडक आहे.

येथे वाचकाच्या मनात येईल की, मग नळी भरपूर जाड घ्यावी म्हणजे झाले. ठरावीक प्रवाहासाठी दाबाची हानी व्यासाच्या सुमारे पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. व्यास दुप्पट केला की हानी जवळजवळ बत्तिसाव्या भागावर येते. थोडे तांबे अधिक वापरून इतका लाभ होत असेल तर तो का सोडावा? याचे उत्तर तेलात आहे.

तेलाचा प्रवास

संपीडकाच्या फिरत्या भागांना वंगण लागते. त्यासाठी त्याच्या आत तेल भरलेले असते. या तेलाचा थोडा अंश दाबलेल्या बाष्पाबरोबर सूक्ष्म थेंबांच्या रूपाने सतत बाहेर पडत असतो. तो थांबविता येत नाही. म्हणून जितके तेल बाहेर जाते तितके परत आले पाहिजे, हे पथ्य पाळावे लागते.

बाहेर पडलेले तेल संघनकात द्रव प्रशीतकात मिसळते आणि त्याच्याबरोबर खोलीतील पेटीपर्यंत सहज येते. तेथे प्रशीतकाचे बाष्प होते, परंतु तेलाचे होत नाही. ते घट्टसर होऊन नळीच्या आतील भिंतीवर पातळ थरासारखे पसरते. आता त्याला परत नेणारे काय? शोषण-नळीतून धावणारे बाष्पच या थराला पुढे रेटते. बाष्पाचा वेग पुरेसा असेल तर तेल उभ्या नळीतही वर चढते. वेग कमी पडला तर ते मागे घसरते, खालच्या वळणात साचते, आणि संपीडक कोरडा पडून काही काळाने जळतो.

तेल नेण्यास आडव्या नळीत बाष्पाचा वेग सेकंदाला सुमारे साडेतीन मीटर व उभ्या चढत्या नळीत सात ते आठ मीटर असावा, असे साधारण गणित धरतात. हाच वेग वीस मीटरच्या घरात गेला तर नळी आवाज करू लागते. म्हणजे घर्षण म्हणते, नळी जाड घ्या. तेल म्हणते, बारीक घ्या. या दोन विरुद्ध मागण्यांचा मेळ घालणे हेच नळ्यांच्या रचनेचे मर्म होय.

एक उदाहरण

एखाद्या ग्रंथालयाच्या तळमजल्यावरील वाचनकक्षासाठी दीड टनाचे यंत्र घ्यावयाचे आहे, अशी कल्पना करू. ‘टन’ हे येथे यंत्राचे वजन नव्हे. २,००० पौंड बर्फ चोवीस तासांत वितळविण्यास जितकी उष्णता लागते, तितकी उष्णता त्याच वेळात बाहेर काढण्याची शक्ती म्हणजे एक टन. ती सुमारे ३.५ किलोवॅट भरते. दीड टन म्हणजे सुमारे ५.२ किलोवॅट.

बाहेरची पेटी गच्चीवर आहे. उभी नळी ९ मीटर आणि आडवी ४ मीटर. वाटेत पाच काटकोनी वळणे आहेत. प्रत्येक वळणात होणारी हानी व्यासाच्या सुमारे तीसपट लांबीच्या सरळ नळीइतकी धरली, तर अर्ध्या इंचाच्या नळीत ती सगळी मिळून २ मीटरच्या जवळपास येते. म्हणून हिशेबाची लांबी १५ मीटर धरू. इतर व्यासांसाठीही स्थूलमानाने तीच घेऊ.

आर-३२ चा एक किलोग्रॅम खोलीतून सुमारे २४५ किलोज्यूल उष्णता उचलतो. त्यावरून सेकंदाला सुमारे २१ ग्रॅम प्रशीतक फिरावा लागतो. शोषण-नळीत त्याच्या एका घनमीटर बाष्पाचे वजन सुमारे २५ किलोग्रॅम भरते. आता बाजारात मिळणाऱ्या चार नळ्या तपासून पाहू. नळीची मापे बाहेरील व्यासाची असून हिशेब मात्र आतील व्यासावर केला आहे.

३/८ इंच : वेग सुमारे १७ मीटर, दाबाची हानी सुमारे १ बार, म्हणजे साडेतीन अंश.
१/२ इंच : वेग सुमारे ९ मीटर, हानी सुमारे ०.२ बार, म्हणजे पाऊण अंशाहून किंचित कमी.
५/८ इंच : वेग सुमारे साडेपाच मीटर; हानी सुमारे ०.०७ बार, म्हणजे पाव अंश.
३/४ इंच : वेग सुमारे पावणेचार मीटर, हानी याहूनही कमी.

पहिल्या नळीत तेल उत्तम परतेल, परंतु बाष्प एक-दशांशाहून अधिक विरळ होईल. चौथीत घर्षण नाममात्र असले तरी नऊ मीटरच्या चढावर तेल चढणार नाही. तिसरी आडव्या मार्गास चांगली, परंतु या चढास अपुरी. या इमारतीस अर्ध्या इंचाची नळी योग्य, असा निष्कर्ष निघतो. हेच यंत्र खोलीच्या पाठीमागे त्याच पातळीवर असते, तर ५/८ इंचाची नळीही चालली असती. म्हणजे नळी केवळ यंत्रावरून ठरत नाही, तर ती इमारतीवरूनही ठरते. प्रत्यक्ष काम करताना यंत्राच्या निर्मात्याने दिलेली व्यास, लांबी व उंची यांची मर्यादा प्रथम पाहावी; वरील हिशेब त्या मर्यादेमागील कारण समजण्यासाठी आहे.

चढ, वळण आणि कमी भार

चढत्या नळीच्या पायथ्याशी इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराचे लहान वळण ठेवण्याची पद्धत आहे. घसरलेले तेल तेथे जमते, वाट अरुंद होते, तेथील बाष्पाचा वेग वाढतो आणि तेल वर उडविले जाते. आडव्या शोषण-नळीला संपीडकाच्या दिशेने मीटरमागे सुमारे ५ मिलिमीटर उतार देतात. बाहेरची पेटी खाली आणि खोली वर असेल तर तेल आपोआप उतरते. तेव्हा या वळणाची आवश्यकता उरत नाही.

आजची इन्व्हर्टर यंत्रे खोली थंड झाल्यावर संपीडकाची गती कमी करतात. शक्ती एक-तृतीयांश झाली की आपल्या नळीतील ९ मीटरचा वेग ३ मीटरवर येतो आणि तो चढास पुरत नाही. म्हणून अनेक यंत्रांत ठरावीक काळानंतर संपीडक थोडा वेळ जोरात चालवून तेल परत आणण्याची योजना असते. मोठ्या प्रतिष्ठापनांत जुना उपाय असा : एक बारीक व एक जाड अशा दोन उभ्या नळ्या शेजारी शेजारी ठेवावयाच्या आणि जाड नळीच्या पायथ्याशी वळण द्यावयाचे. भार कमी झाला की त्या वळणात तेल साचून जाड नळी बंद होते व सर्व बाष्प बारीक नळीतून वेगाने चढते. भार वाढला की दाबाने ते तेल उडून दोन्ही वाटा मोकळ्या होतात. झडप नाही, यंत्रणा नाही. तेलच दरवाजाचे काम करते.

द्रव-नळी, आवरण आणि स्वच्छता

द्रव-नळीत तेलाची चिंता नसते. भीती असते ती वाटेत द्रव उकळण्याची. दाब उतरविणारी अरुंद वाट खोलीच्या बाजूस असून खोली ९ मीटर उंच असेल, तर द्रवाच्या स्तंभामुळेच दाब सुमारे ०.८ बार कमी होतो. ४० अंशांच्या आसपास हे सव्वा अंशाबरोबर आहे. द्रव उत्कलनबिंदूच्या खाली तितका तरी थंड झालेला नसेल, तर नळीतच बुडबुडे होऊन प्रवाह अडखळतो. पुष्कळ लहान स्प्लिट यंत्रांत ही अरुंद वाट बाहेरच्या पेटीतच असते. अशा वेळी बारीक नळीही थंड राहते आणि दोन्ही नळ्यांना निरनिराळे आवरण घालावे लागते. ३० अंश तापमान व ८० टक्के आर्द्रता असलेल्या किनाऱ्यावरील हवेचा दवबिंदू सुमारे २६ अंश असतो. उघड्या थंड नळीवर तेथे पाणी ठिबकणारच.

शेवटची गोष्ट स्वच्छतेची. आर-३२ बरोबर वापरली जाणारी कृत्रिम तेले हवेतील ओल चटकन शोषतात आणि ओलीमुळे यंत्रात आम्ल तयार होते. म्हणून नळीची तोंडे काम होईपर्यंत बंद ठेवावीत, सांधे तापवून जोडताना आतून नायट्रोजन वाहता ठेवावा म्हणजे काळी काजळी धरत नाही, आणि प्रशीतक सोडण्यापूर्वी पंपाने नळ्या निर्वात कराव्यात.

निष्काळजी सांध्याचा परिणाम एका खोलीपुरता राहत नाही. शंभर वर्षांच्या कालावधीत एक किलोग्रॅम आर-३२ पृथ्वीचे तापमान वाढविण्यात सुमारे ६७५ किलोग्रॅम कार्बन डायॉक्साइडाइतका भाग घेतो. शिवाय तो सौम्य ज्वालाग्राहीही आहे. अशा प्रशीतकांचा वापर टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा किगाली येथील करार २०१६ साली झाला व भारताने त्यास २०२१ साली मान्यता दिली. करार देशांनी केला तरी तो पाळला जातो तो गच्चीवर उन्हात बसून सांधा जोडणाऱ्या कारागिराच्या हातून. त्याला आपल्या कामामागील कारणे ठाऊक असणे म्हणूनच अगत्याचे आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. शोषण-नळी आवश्यकतेपेक्षा जाड घेतल्यास काय हानी होते?
२. वरील उदाहरणात वाचनकक्ष तिसऱ्या मजल्यावर व बाहेरची पेटी जमिनीवर असती, तर कोणती अडचण नाहीशी झाली असती आणि कोणती नवी उद्भवली असती?
३. आपल्या शाळेतील किंवा ग्रंथालयातील यंत्राच्या नळ्यांची वाट पाहून तिचा आराखडा काढा. चढ, उतार आणि वळणे कोठे आहेत ते दाखवा, आणि बंद यंत्रातील तेल कोठे साचेल याचा तर्क करा.