तेरेखोल काठचे पाहुणे-निवासाचे नियम
तेरेखोल नदीच्या मुखाशी दक्षिणेस गोव्याचा पेडणे तालुका व उत्तरेस सिंधुदुर्ग जिल्हा आहे. परंतु उत्तर तीरावरील तेरेखोल गाव गोव्यातच मोडते. म्हणून घरातील खोली पाहुण्यास थोड्या दिवसांकरिता भाड्याने देताना नदी न पाहता गावाची हद्द पाहावी.

गोव्यात १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्यान्वये नोंदणी सक्तीची असून तिच्याविना खोली देणे दंडास पात्र ठरते. महाराष्ट्रात २०२० च्या कृषी पर्यटन धोरणान्वये शेतकऱ्याने पर्यटन संचालनालयाकडे आपले केंद्र नोंदविल्यास सवलती मिळू शकतात. परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांत कळविणे दोहोंकडे बंधनकारक आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेजारगावचा ऐकीव नियम सांगू नये. अन्यथा शेतकऱ्याची जोडधंद्याची मिळकत दंडातच जाईल.