ठोकळे पुरे झाले, हे कसं ओळखाल?

रात्री गाद्या पसरताना ठोकळ्यांचे किती डबे उचलून बाजूला ठेवावे लागतात, ते आज मोजा. लेगो असो, मेकॅनिक्स असो, की बिनानावाचे रंगीत ब्लॉक्स. मुंबईत माहुलच्या प्रकल्पग्रस्त वसाहतीतलं घर 225 चौरस फुटांचं, म्हणजे साधारण पंधरा बाय पंधरा. त्यातच ओटा, मोरी, कपडे, मुलांचं दप्तर आणि माणसं. एकही डबा हलवावा लागत नसेल तर साठा घराला झेपतोय. एक-दोन हलवावे लागत असतील तर तुम्ही काठावर आहात, पुढचा सेट घेऊ नका. रोज चार डबे जमिनीवरून ओट्याखाली आणि सकाळी पुन्हा बाहेर, असा फेरा सुरू असेल तर साठा पुरा होऊन बरेच दिवस झाले. घरातलं कुणीतरी अंग चोरून झोपतंय आणि बोलत नाहीये.

हजार तुकडे पुरे की दहा हजार, असं बरेच जण विचारतात. आकड्याच्या मागे लागू नका. एकाच रंगाचे, दोन बाय चार बटणांचे फक्त सहा ठोकळे घेतले तर ते 91,51,03,765 प्रकारे जोडता येतात. काही सुचत नाही म्हणून तुकडे कमी पडतायत असं वाटतं, तेव्हा कमी बहुतेक वेळा तुकडे नसतात, बसायला वेळ आणि पसरायला जागा कमी असते.

दुसरी चाचणी घड्याळाची. एक ठरावीक तुकडा मनात धरा, समजा दोन बाय चारचा पिवळा ठोकळा, आणि शोधायला लागा. पाच मिनिटांत हातात आला तर ठीक. नाही आला तर तो तुकडा तुमच्याकडे असूनही नसल्यासारखा आहे आणि लवकरच तुम्ही तोच पुन्हा विकत आणाल. माझ्याकडे काळ्या चाकांचे आस असे तीनदा आले. तिन्ही वेळा आधीचे घरातच होते, खालून दुसऱ्या डब्यात, मोठ्या पाट्यांच्या तळाशी.

तिसरी चाचणी सीलबंद खोक्यांची. न उघडलेली तीन खोकी घरात असतील तर खरेदी थांबवा. पुढे भाव वाढेल म्हणून ठेवलीयत, हे कारण माहुलच्या घरात चालत नाही. भाव वाढेपर्यंत ती खोकी जागा खातात, आणि त्या जागेला भाडं आहे.

जागेचं भाडं काढा

हा खर्च कुठल्याच बिलावर छापलेला नसतो. महिन्याचं भाडं भागिले घराचे चौरस फूट. समजा 225 फुटांना तुम्ही 9,000 रुपये देता. फुटाला 40 रुपये झाले. तीन फूट बाय दीड फुटाचं कपाट साडेचार चौरस फूट, आणि दार उघडायला पुढे तेवढीच मोकळी जागा. एकूण नऊ फूट, महिन्याला 360 रुपये, वर्षाला 4,320. घर स्वतःचं असलं तरी हिशेब हाच, कारण तिथे दुसरं काही ठेवता येत नाही. हा आकडा कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. नवा सेट आवडला की आधी तो वाचा.

मर्यादा रुपयांत किंवा तुकड्यांत ठेवली की ती हळूच सरकते. कपाटात ठेवा. एकच कपाट, किंवा एकच माळा. दार लागत नाही त्या दिवशी साठा पुरा. नवा सेट हवाच असेल तर एक जुना मोडून त्याचे तुकडे सुट्या डब्यांत घाला. मोडलेला सेट वाया जात नाही: लेगोच्या ठोकळ्याचं पेटंट 1958चं, आणि तेव्हापासूनचे ठोकळे आजच्या ठोकळ्यांत घट्ट बसतात.

मोठी मॉडेल्स घेण्याआधी टेप घेऊन भिंत मोजा. टायटॅनिक 9,090 तुकड्यांची आणि 135 सेंटिमीटर लांब, म्हणजे जवळपास साडेचार फूट. मिलेनियम फाल्कन 7,541 तुकडे, 84 सेंटिमीटर लांब आणि 56 रुंद. कुठल्याही फळीवर मावत नाही, त्याला टेबलच लागतं. ताजमहाल 5,923 तुकड्यांचा, त्याचा चौथरा 51 सेंटिमीटर. आयफेल टॉवर 10,001 तुकडे, उंची 149 सेंटिमीटर. अडीच फुटी टेबलावर ठेवलात तर टोक सव्वासात फुटांच्या वर जातं. पंखा कुठे आहे ते आधी बघा. या चारांपैकी एखादं मॉडेल घ्याच, मनापासून आवडत असेल तर. पण ते एक, आणि त्याच्यासाठी साठ्यातलं काय निघणार ते आधी ठरवून.

ठेवायला काय लागतं

फार नाही. हार्डवेअरच्या दुकानातली कप्प्यांची पेटी साधारण 150 ते 400 रुपयांत मिळते. झाकणाचे पाच लिटरचे डबे त्याच आसपास. श्रीखंडाचे रिकामे डबे फुकट, आणि छोट्या तुकड्यांना त्यांच्याइतकं सोयीचं काही नाही. रंगानुसार लावू नका, आकारानुसार लावा. लाल ढिगात लाल तुकडा दिसत नाही, पण चाकांच्या डब्यात लाल चाक लगेच दिसतं. खेळायला बसताना जुनी चादर पसरा, डबा तिच्यावर ओता, उठताना चार टोकं उचलून सगळं पुन्हा डब्यात. या एका चादरीने रात्रीची अर्धी भांडणं मिटतात.

माहुलच्या हवेचा प्रश्न हरित लवादापासून उच्च न्यायालयापर्यंत गेला. घरातल्या उघड्या फळीवर काय बसतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. उघड्यावर मांडलेलं मॉडेल दर पंधरवड्याला मऊ ब्रशने झाडावं लागेल. त्याला लागणारा तास धरूनच किती मॉडेल्स मांडायची ते ठरवा. धुताना पाणी 40 अंशांपेक्षा गरम नको, वॉशिंग मशीन नको, वाळवणं सावलीत. उन्हात पांढरे ठोकळे पिवळे पडतात. मेकॅनिक्सच्या पत्र्याच्या पट्ट्या आणि नटबोल्ट खाडीच्या दमट हवेत गंजतात, ते कोरड्या बंद डब्यातच.

काचेची शोकेस घेऊ नका. 8 ऑगस्ट 2018ला इथल्या रिफायनरीत स्फोट झाला तेव्हा आसपासच्या इमारतींच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या होत्या. लाकडी फळी, पुढे बोटभर पट्टी आणि भिंतीत दोन क्लॅम्प, एवढं पुरतं.

विकत घेताना कुठे कापले जाता

एमआरपीत जीएसटी धरलेलाच असतो. एमआरपीवर वेगळा जीएसटी मागणाऱ्याला तिथेच नाही म्हणा. 22 सप्टेंबर 2025पासून बिनविजेच्या खेळण्यांवरचा जीएसटी 12वरून 5 टक्के झालाय, इलेक्ट्रॉनिक खेळण्यांवर 18 टक्केच आहे. त्याआधीचा छापील भाव असलेला जुना माल दुकानात दिसला तर नवा भाव काय, असं विचारा.

आयात खेळणी महाग असण्याचं एक मोठं कारण सीमाशुल्क: 2020मध्ये ते 20वरून 60 टक्के झालं, 2023मध्ये 70. म्हणून परदेशी साइटवरचा स्वस्त भाव पाहून हुरळून जाऊ नका. त्यावर शुल्क, कर, कुरियर कंपनीची माल सोडवण्याची फी, आणि पार्सल अडकलं तर साठवणुकीचं भाडं. मावशी अमेरिकेतून भेट म्हणून पोस्टाने पाठवते, हा रस्ताही बंद आहे. डिसेंबर 2019मध्ये भेटवस्तूंची करमाफी काढली गेली. राखी आणि जीवरक्षक औषधं तेवढी वगळली.

बिनव्याजी हप्त्यांचं नीट वाचा. व्याज असतंच, तेवढी सूट दाखवून ते झाकलेलं असतं. समजा 30,000च्या सेटवर 1,500 रुपये व्याज झाकलंय. त्या 1,500वर 18 टक्के जीएसटी तुम्हीच भरता, 270 रुपये. वर 199 रुपये प्रक्रिया शुल्क आणि त्यावरचा जीएसटी. झाले पाचशेच्या वर. हप्त्यांवर घ्यावा लागतोय असा सेट आत्ता तुमच्या साठ्यात बसत नाही, असं मी सरळ म्हणेन.

अब्दुल रहमान स्ट्रीट आणि क्रॉफर्ड मार्केटला जायचं तर मधल्या वारी, सकाळी. रविवारी बहुतेक घाऊक दुकानं बंद आणि हार्बरवर मेगाब्लॉक. माहुलहून चेंबूर किंवा कुर्ल्यापर्यंत बेस्टने जा; बेस्टचं किमान तिकीट साध्या बसला 10, एसीला 12 रुपये. पुढे हार्बरने सीएसएमटी. संध्याकाळी सहानंतर मोठं खोकं घेऊन डब्यात शिरता येत नाही आणि टॅक्सीत तुमची सगळी घासाघीस वाया जाते. पक्कं बिल घ्या. 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर 1 जानेवारी 2021पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. चिन्हाखालचा परवाना क्रमांक बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. आयात मालावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि एमआरपी हवंच. नसेल तर ठेवून या.

जुने ठोकळे किलोवर मिळतात तेव्हा वजन कशाचं ते बघा. दोन बाय चारचा लेगो ठोकळा साधारण 2.3 ग्रॅमचा, म्हणजे किलोत जवळपास 430. विक्रेते तळाला मोठ्या पाट्या, टायर आणि नकली ठोकळे घालतात. लेगोच्या प्रत्येक बटणावर नाव उमटवलेलं असतं. मूठभर तुकडे मधून काढून नखाने चाचपा, फक्त वरचे बघू नका. पाच किलो एकदम स्वस्त मिळतायत म्हणून घ्याल, तर पहिल्या चाचणीतले डबे आठवा.

कपाट भरलं, आता काय

आधी नोंद. ब्रिकलिंक किंवा रिब्रिकेबलवर सेटचा क्रमांक टाकला की तुकड्यांची पूर्ण यादी मिळते. काय अपुरं आहे ते विकण्याआधीच कळतं, आणि खरेदीदाराशी वाद होत नाही. सूचनापुस्तिका आणि खोकं असेल तर भाव बरा येतो. पण खोक्यांना जागा लागते: ती उकलून, चपटी करून गादीखाली ठेवा.

ऑनलाइन विकताना फसवणुकीचा एक ठरलेला डाव आहे. समोरचा भाव न करता लगेच तयार होतो, सैन्यात आहे किंवा बदली झालीय म्हणतो, आणि पैसे पाठवायला क्यूआर कोड धाडतो. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिन तर कधीच टाकावा लागत नाही. टाकून बसलात तर त्याच मिनिटाला सायबर हेल्पलाइन 1930वर फोन करा, उद्यावर ढकलू नका.

साठा ठेवणारच असाल आणि त्यात चांगली रक्कम अडकली असेल तर विम्याचा विचार करा. भारत गृह रक्षा पॉलिसीत इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत, घरातल्या सामान्य सामानाला आपोआप संरक्षण असतं. भाडेकरूंना फक्त सामानाचा विमा घेता येतो. यातली खाच अशी: नुसती घरफोडी यात येत नाही. आग, पूर अशी विम्यातली घटना घडल्यावर सात दिवसांत झालेली चोरीच धरली जाते. घरफोडीचं कलम वेगळं मागा, हप्ता वेगळा विचारा. बिलं, फोटो आणि यादी घराबाहेर, म्हणजे मेलवर ठेवा.

सदोष माल, नकली सेट, जादा आकारणी: आधी दुकानदाराला लेखी कळवा, मग ग्राहक हेल्पलाइन 1915. तिथे सुटलं नाही तर ग्राहक आयोग. माहुल मुंबई उपनगर जिल्ह्यात येतं, आयोगाचं कार्यालय वांद्रे पूर्वेला, तक्रार ई-जागृती पोर्टलवरूनही करता येते. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं, वकील सक्तीचा नाही. लागतं काय? बिल, खोक्याचा फोटो, पैसे दिल्याची नोंद, दुकानदाराशी झालेला पत्रव्यवहार.

साठा हलका करायला वर्षातली योग्य वेळ एकच, गणपतीआधीची आवराआवर. मखराची जागा करताना ठोकळ्यांचे डबे शेजाऱ्यांकडे ठेवावे लागले तर तेवढे डबे घरात परत आणू नका. आरास ठोकळ्यांचीच करा, दिवाळीत किल्ल्याचे बुरूज करा. वर्षातून ही दोन कामं ज्या तुकड्यांनी होतात ते ठेवा. बाकीचे देऊन टाका. देताना तीन वर्षांखालच्या मुलांच्या बालवाडीत बारीक तुकडे देऊ नका, घशात अडकतात. त्यांना मोठे ड्युप्लोसारखे ठोकळेच. आठ-दहा वर्षांच्या मुलांना मात्र सुटे तुकडे द्या, पण चाकं आणि आस मोजून बरोबरीत घाला. चाकांशिवाय दिलेल्या डब्याला मुलं दुसऱ्या दिवशी हात लावत नाहीत.