कोचचा हात

वस्तीतल्या मुली आता कबड्डी, कुस्ती, खो-खो खेळतात. त्यांना पाठवू नका, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण आरोग्य तपासणीला आलेल्या मुली कधी कधी हळूच विचारतात, "ताई, सर मालिश करतात, ते बरोबर आहे का?"

शिकवताना हात लागतोच. कुस्तीत डाव दाखवताना अंगाला अंग लागते. जिम्नॅस्टिक्समध्ये उलटी उडी शिकणाऱ्या मुलीच्या कमरेला आधार दिला नाही तर ती मानेवर पडेल. पण असा हात सगळ्यांसमोर लागतो, कशासाठी ते कोच आधी सांगतो, आणि काम झाले की हात निघतो. मुलगी "नको" म्हणाली तर तो राग धरत नाही. "खोलीत ये, पाय चोळून देतो", "घरी सांगू नको", "टीममधून काढीन" ही भाषा आली की ते शिकवणे नव्हे.

उपचाराच्या नावाखाली तर आईबापही फसतात. अमेरिकेत लॅरी नासर या जिम्नॅस्टिक्स संघाच्या डॉक्टरने वर्षानुवर्षे मुलींचे शोषण केले, काही वेळा पालक त्याच खोलीत असताना! २०१८ मध्ये १५० हून जास्त जणींनी कोर्टात आपबीती सांगितली.

म्हणून मुलींना हे शिकवा. पोटरीत गोळा आला तर बसून पाय सरळ करायचा, पंजा ओढणीने अंगाकडे ओढून अर्धा मिनिट धरायचा. घोटा मुरगळला तर फडक्यात बर्फ गुंडाळून १५-२० मिनिटे शेकायचे, पाय उशीवर ठेवायचा. मुरगळल्या जागी लगेच चोळायचे नसतेच. जांघेत, छातीत दुखले तर आईसोबत दवाखाना.

१८ वर्षांखालील मुलगी असो वा मुलगा, त्याला पॉक्सो कायद्याचे संरक्षण आहे. कपड्यावरून हात लावला तर पॉक्सो लागत नाही, असा निकाल नागपूर खंडपीठाने दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो नोव्हेंबर २०२१ मध्ये रद्द केला. मुलांचा जबाब त्यांच्या घरी घेता येतो, आणि तो घेताना पोलीस गणवेशात नसावेत असा नियम आहे. मदतीसाठी १०९८.

एका आईने पोरीला पहिलाच प्रश्न केला, "तू गेलीसच कशाला?" पोरगी गप्प झाली. आम्हाला तिच्याशी बोलायला पुढे तीन महिने लागले.