होला ओळखायचा, तर खर्च किती?

फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारी काढून झालेल्या रानाच्या कडेला विजेच्या तारांवर वीस-पंचवीस होले ओळीनं बसलेले दिसतात. नवखा निरीक्षक वहीत ‘होले’ एवढंच लिहून पुढे जातो. त्या एका ओळीत तीन-चार जाती असू शकतात आणि एखादा क्वचित दिसणाराही. तो हेरायला महागडा कॅमेरा लागतो अशी अनेकांची समजूत असते. माझं मत वेगळं आहे: पैसा दुर्बिणीवर घाला आणि वेळ नेहमीच्या होल्यांवर. खालच्या किमती साधारण आहेत. खरेदीआधी दोन दुकानांत विचारून घ्या.

पहिला महिना: खर्च शून्य

घराजवळचे तीन होले आधी पक्के करा, कारण वेगळेपण नेहमीच्यांशी ताडूनच कळतं.

ठिपकेवाला होला: मानेमागे काळा पट्टा, त्यावर पांढरे ठिपके, लांब शेपूट. याच्या शास्त्रीय नावात ‘सुराटेन्सिस’ आहे, ते सुरत शहरावरून.

लहान तपकिरी होला: मानेमागे पट्टा नसतो, गळ्याच्या पुढच्या बाजूला तांबूस-काळी चौकट असते. आवाज हलक्या हसण्यासारखा.

पठाणी होला: फिकट राखी, मोठा, मानेमागे काळी अर्धी कड. ‘कु-कूऽ-कु’ असे तीन सूर, मधला लांब.

एक सावधगिरी: ठिपकेवाल्याच्या पिल्लाला मानेवरचे ठिपके नसतात, तपकिरी होल्याच्या पिल्लाला गळ्याची चौकटही नसते. ‘वेगळा होला दिसला’ असे बरेच दावे इथेच कोसळतात. शेजारी मोठे पक्षी आहेत का, ते आधी बघा.

दुर्बीण: ८ ते १२ हजार रुपये

८×४२ मागा. आठ पट मोठं दिसतं आणि ४२ मिलिमीटरच्या भिंगामुळे पहाटेच्या कमी उजेडातही मानेचा पट्टा स्पष्ट होतो. दहा पटीच्या दुर्बिणीत हाताचा कंपही दहा पट दिसतो, म्हणून सुरुवातीला ती नको. हजार-दीड हजारात ‘पन्नास पट झूम’ सांगणारी दुर्बीण घेऊ नका. चित्र अंधारं येतं आणि रंग फसवे दिसतात. होल्यात सगळा खेळ रंगछटांचा असतो. कोकणात, घाटात पावसाळीही फिरणार असाल, तर पाणी न शिरणारी दुर्बीण घ्या. चांगलीला २० ते ३० हजार पडतात. दुकानातून बाहेर येऊन दूरची पाटी वाचून बघा, डोळ्यांवर ताण आला तर परत ठेवा.

वेगळे होले कुठे, कसे?

लाल होला: नर विटकरी, डोकं निळसर राखाडी, मानेवर काळी कड. मादी मात्र मळकट तपकिरी, म्हणून ती पठाणी होल्यात खपून जाते. आकार बघा: लाल होला जेमतेम साळुंकीएवढा, सुमारे २३ सेंटिमीटर, शेपूट आखूड, पठाणी सुमारे ३२ सेंटिमीटर. थव्यातला बुटका पक्षी दोनदा तपासा.

ओरिएंटल टर्टल डव्ह: अंगानं भारी, पंखांवरच्या पिसांना तांबूस कडा असल्यामुळे पाठ खवल्यांची वाटते. मानेच्या बाजूला काळ्या आणि निळसर राखाडी बारीक रेघा. तो झाडीत, जंगलाच्या कडेला शोधा.

पाचू कवडा: हिरवे पंख, पोवळ्यासारखी लाल चोच. सह्याद्रीतल्या आणि गोव्यातल्या दाट झाडीत पायवाटेवर चालत दाणे टिपतो, चाहूल लागताच जमिनीलगत भर्रकन निघून जातो. पहाटे, गप्प आणि सावकाश चालणाऱ्यालाच दिसतो.

पुस्तक, ॲप, वाटाड्या

छापील मार्गदर्शक पाचशे ते दीड हजारात मिळतं. सलीम अली यांचं १९४१ साली प्रथम निघालेलं ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ आजही उपयोगी आहे. मर्लिन आणि ई-बर्ड ही ॲप फुकट आहेत. ॲपनं सुचवलेलं नाव हा अंदाज समजा. मान, पंख आणि आकार स्वतः पाहिल्याशिवाय नोंद करू नका. घाटात स्थानिक वाटाड्या घेतलात, तर अर्ध्या दिवसाचे दीड ते तीन हजार धरा. हा खर्च योग्य आहे: पाचू कवड्याची रोजची वाट त्यालाच ठाऊक असते आणि पैसा गावात राहतो. अभयारण्याचं प्रवेशशुल्क आणि कॅमेऱ्याचं वेगळं शुल्क निघण्याआधी विचारून घ्या.

कॅमेरा: शेवटी

लांब झूमच्या कॅमेऱ्याला ३५ हजारांच्या पुढे मोजावे लागतात. दुर्मीळ नोंदीला पुरावा लागतो हे खरं, पण मोबाइल दुर्बिणीच्या भिंगाला लावून काढलेला फोटो बहुतेक वेळा पुरतो. मोबाइल घट्ट बसवणारी पट्टी पाचशे ते दीड हजारात येते. तेही जमलं नाही तर जागेवरच वहीत मानेचं चित्र काढा आणि वेळ, जागा, शेजारचे पक्षी लिहा.

एकूण हिशेब

दुर्बीण १० हजार, पुस्तक १ हजार, मोबाइलची पट्टी १ हजार, वही-पेन्सिल शंभर. म्हणजे सुमारे १२ हजार रुपये, आणि ही दुर्बीण नीट वापरली तर वर्षानुवर्षं टिकते. एवढंही आज जमत नसेल, तर पक्षीमित्रांच्या सकाळच्या फेरीला जा. तिथे दुर्बीण हातोहात फिरते.

एक विनंती. होल्याचं घरटं म्हणजे चार काड्या आणि दोन पांढरी अंडी. फोटोसाठी जवळ गेलात, तर पालक उडतो आणि टपलेला कावळा अंडी नेतो. नाव नाही कळलं तरी चालेल, घरट्यापासून लांब राहा. तो होला उद्याही त्याच तारेवर बसेल, तेव्हा मान नीट बघून घ्या.