वाचनपाठ : दही डावीकडे

मुलांनो, मागच्या रविवारी डबे खाताना एका मुलीने विचारले, "काकू, माझ्या दादाला क्रोन्स आहे. आजी म्हणते, रोज दही खा, मग गोळ्या नकोत. हे खरं आहे का?" आजचा पाठ त्यावरच.

क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हे आतड्याच्या दाहाचे, वर्षानुवर्षे चालणारे आजार आहेत. पोटात कळा येतात, जुलाब होतात, कधी रक्त पडते. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय हॉस्पिटलातील डॉ. बरिल क्रोन व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९३२ साली यांपैकी पहिल्या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यावरून हे नाव पडले.

आपल्या आतड्यात असंख्य जिवाणू राहतात. या आजारांत त्यांचा समतोल बिघडलेला दिसतो. म्हणून उपयोगी, जिवंत जिवाणू पोटात घालून पाहावेत, अशी कल्पना निघाली. अशा जिवाणूंना प्रोबायोटिक म्हणतात.

उपयोग होतो का? २००९ साली लुधियाना व इतर ठिकाणच्या भारतीय डॉक्टरांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. कोलायटिसच्या १४७ रुग्णांपैकी काहींना आठ प्रकारच्या जिवाणूंची पूड दिली, बाकीच्यांना तशीच दिसणारी पण जिवाणू नसलेली. १२ आठवड्यांनी पहिल्या गटात शंभरात सुमारे ४३ जणांचा आजार शमला, दुसऱ्यात सुमारे १६ जणांचा. मात्र क्रोन्समध्ये असा फायदा सिद्ध झालेला नाही. अमेरिकेतील पोटाच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०२० साली सांगितले, की या दोन्ही आजारांत प्रोबायोटिक संशोधनाच्या चाचणीतच वापरावे.

शिवाय त्या पुडीतले जिवाणू निवडलेले आणि मोजलेले होते. घरचे विरजण तसे नसते.

ताटात कोशिंबीर डावीकडे वाढतात. तिने जेवणाला चव येते, पण नुसत्या कोशिंबिरीवर पोट भरत नाही. दह्याचेही तसेच. सोसत असेल तर खावे. पण डॉक्टरांना न विचारता गोळ्या सोडल्या, तर आजार पुन्हा उसळू शकतो. प्रोबायोटिकच्या कॅप्सूलही त्यांना विचारूनच घ्याव्यात.

आणि आजीला "तू चुकतेस" म्हणू नका. दादाने एवढेच म्हणावे, "आजी, दही तू लाव, गोळी मी घेतो."

शब्दार्थ
दाह – आग, सूज
शमणे – शांत होणे
विरजण – दही लावण्यासाठी दुधात घालायचे थोडे दही किंवा ताक
सोसणे – पचणे, त्रास न होणे

स्वाध्याय
१. क्रोन्स हे नाव कशावरून पडले?
२. पुडीतले जिवाणू आणि घरचे विरजण यांत फरक काय?
३. घरी आजी-आजोबांना विचारून दही कसे लावतात ते पाच वाक्यांत लिहा.