सर्व्हरची राखण आणि तिची यादी

आमच्या बऱ्हाणपुरातील कुंडी भंडारा बहुतेक विद्यार्थ्यांनी पाहिला असेल. जहांगीर बादशहाच्या काळी, इ. स. १६१५ मध्ये, अब्दुर्रहीम खानखानान याच्या पुढाकाराने ही जलयोजना झाली. सातपुड्याकडून तापीकडे भूगर्भातून झिरपणारे पाणी बोगद्यात घेऊन शहरास पुरविले गेले. या बोगद्यावर ठिकठिकाणी विहिरीसारख्या कुंड्या असून त्यांची संख्या १०० हून अधिक आहे. बोगदा खणताना माती वर काढण्यास, आत हवा खेळविण्यास आणि पुढे साफसफाईसाठी खाली उतरण्यास त्यांचा उपयोग होई. पाणी वाहते की नाही हे पाहण्याची सोय बांधकामाबरोबरच झाली, ती मागाहून जोडलेली नव्हती. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण आम्हांला आज ज्या विषयाची ओळख करून द्यावयाची आहे त्याचे मर्म तिच्यात आहे.

दहावीचा निकाल आपण मोबाईलवर पाहतो, तेव्हा दूर कोठेतरी एक संगणक आपल्या प्रश्नाचे उत्तर देत असतो. त्यास सर्व्हर म्हणतात. एकाच कामासाठी असे दहा, शंभर, हजार सर्व्हर राबतात. ते चालू आहेत काय, त्यांच्या डिस्कमध्ये जागा आहे काय, बॅकअप झाला काय, हे सतत पाहणे म्हणजे त्यांची राखण होय. (आम्हां कोकणी बोलणाऱ्यांत गावाचे रक्षण करणाऱ्या दैवतास ‘राखणदार’ म्हणतात, म्हणून हा शब्द आम्हांस प्रिय.) हे काम माणसाने डोळ्यांत तेल घालून करणे अशक्य, म्हणून त्यासाठी प्रणाली निघाल्या. एथन गॅल्स्टॅड यांची १९९९ मध्ये आलेली आणि पुढे नागिऑस या नावाने प्रसिद्ध झालेली प्रणाली त्यांपैकीच एक. ती ठराविक वेळाने प्रत्येक सर्व्हरची विचारपूस करते आणि उत्तर न आल्यास व्यवस्थापकास इशारा देते.

परंतु विचारपूस कोणाची करावयाची, याची यादी तिला कोणी द्यावी? प्रारंभी ती माणूस हाताने लिही. खरा धोका येथेच आहे. समजा, घाईच्या दिवशी एक नवा सर्व्हर उभा केला आणि यादीत नोंदवावयाचा राहिला. बोगद्यात चुन्याचे थर साचून वाट अरुंद होत जावी, त्याप्रमाणे त्याची डिस्क मुकाट्याने भरत जाते. इशारा येत नाही, आणि इशारा नाही म्हणून सारे निश्चिंत असतात. उलट, काढून टाकलेला सर्व्हर यादीत तसाच राहिला, तर रोज खोटी आरोळी उठते. ‘लांडगा आला रे’ या गोष्टीतील गावकऱ्यांप्रमाणे व्यवस्थापक मग खऱ्या आरोळीकडेही कानाडोळा करू लागतात. आमच्या मते हा दुसरा दोष अधिक घातक, कारण तो माणसाची सवयच बिघडवितो.

यावरचा उपाय दुसऱ्या वाटेने आला. ऑस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये ‘सीएफइंजिन’ तयार केले. त्यातील कल्पना अशी की, यंत्रास आज्ञांची मालिका देऊ नये. त्याची अंतिम स्थिती कशी असावी ते लिहून ठेवावे. यंत्र स्वतःकडे पाहते, जेथे फरक आढळेल तेवढेच दुरुस्त करते, आणि सर्व ठीक असेल तर काहीच करीत नाही. ल्यूक कॅनीस यांचे २००५ मधील ‘पपेट’ याच मार्गाने गेले. प्रत्येक सर्व्हर साधारण दर ३० मिनिटांनी आपली स्थिती लेखाशी ताडून पाहतो. शिवाय ‘मी अमुक सेवा देतो, माझ्यावर अशी नजर ठेवा’ अशी नोंद तो स्वतःच मध्यवर्ती दप्तरात करू शकतो. राखण करणारी प्रणाली त्या नोंदी गोळा करून आपली यादी बनविते. ज्या लेखाने सर्व्हर उभा राहिला, त्याच लेखाने त्याची राखणही सुरू झाली. बोगदा आणि कुंडी एकाच आराखड्यातून निघाली, तसेच हे.

येथे एक सावधगिरी मात्र हवी. लेखातील एक चुकीची ओळ अर्ध्या तासात सर्व यंत्रांवर पोहोचते. हाताने केलेली चूक एकाच यंत्रापुरती राहिली असती. म्हणून लेखातील प्रत्येक बदल आधी दुसऱ्या व्यक्तीने वाचावा, एखाद्या यंत्रावर पारखावा, आणि कोणी केव्हा काय बदलले याचा इतिहास जपावा, अशी पद्धत पडली आहे. आणखी एक प्रश्न चाणाक्ष विद्यार्थी विचारतीलच: राखणदारच झोपला तर? तो बंद पडल्यावर इशारे थांबतात, आणि ती शांतता अगदी सुखरूपतेसारखी दिसते. यासाठी राखणदार सर्व्हरवर नजर ठेवणारे एक छोटे यंत्र निराळ्या ठिकाणी, निराळ्या वीजपुरवठ्यावर ठेवतात. त्यास फार कामे देत नाहीत. ठराविक वेळाने ते एवढेच विचारते, ‘जागा आहेस ना?’